पोशाखासहित उजवा हात

परदेशगमनाने माणसाचं क्षितिज विस्तारतं. वेहळपाड्याच्या कोंडू निमसे यांचं क्षितिज विस्तारण्याआधी मात्र त्यांचा उजवा हात मोजावा लागला. तो मनगटापासून पुढे साडेचार इंच भरला. चार इंचांपर्यंत चाललं असतं.

हा हात जन्मापासूनचा नव्हता. जन्मापासूनचा हात अकरा वर्षांपूर्वी गवताच्या वखारीत, गठ्ठे दाबायच्या मशीनमध्ये राहिला. त्या दिवशीचे गठ्ठेही मुंबईच्या तबेल्यांकडे वेळेवर रवाना झाले, असं वखारवाले आजही सांगतात. पुढे सरळगावच्या लोहाराने जीपच्या जुन्या पाट्याचं पोलाद ठोकून एक वस्तू बनवली आणि मुरबाडच्या बाजारात चपला शिवणाऱ्या जैतूने तिला चामड्याची बाही शिवली. वस्तूला एका अंगाने कोयत्यासारखी आत वळलेली धार होती, टोकाला आकडा होता आणि पाठीवर ठोकून खोलगट केलेला चमचा होता. कोंडू धारेने गवत कापी, आकड्याने बादली उचली आणि चमच्याने जेवी. डोळखांबच्या त्या अंगाला त्या वस्तूला कोणी कोयता म्हणत नसे, की चमचा म्हणत नसे. तिला हात म्हणत. "कोंडू, हात धार लावायला टाकलास काय?" असं लोक रस्त्यात विचारत आणि त्यात कोणाला काही गमतीचं वाटत नसे.

उरलेला हात डावा. एकच हात उरला म्हणून डाव्या हाताची कामं बदलत नाहीत. ती कोणती, हे इथे लिहायची गरज नाही. अकरा वर्षांत कोंडूने तो हात ताटाला लावला नव्हता.

त्याचा मुलगा साईनाथ परदेशात एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात चादरी धूत असे. देशाचं नाव देत नाही, कारण त्या देशाने काही वाईट केलं नाही. तो फक्त थंड होता. तीन जानेवारीला साईनाथ धुलाईघराच्या मागच्या दाराने बाहेर पडला, बर्फावरून घसरला आणि त्याचं डोकं पायरीवर आपटलं.

चार तारखेला त्याच्यासोबत काम करणाऱ्या मितेशचा फोन आला. हा मूळचा कल्याणचा. त्याने आधी तब्येत विचारली, मग पाऊसपाणी विचारलं. जानेवारीत पाऊसपाणी विचारतोय म्हटल्यावर सरस्वती, म्हणजे साईनाथची आई, खाली बसली.

"काका, मशीन लावलाय श्वासाचा," मितेश म्हणाला. "डॉक्टर बोलतात, चान्स नाय जास्त. वडील येत असतील तर अठरा तारखेपर्यंत मशीन चालू ठेवतो बोलतात. तिकीट हॉटेलवाले पाठवतायत. एकाचं."

पासपोर्ट तयार होता. दोन वर्षांपूर्वी साईनाथने आईबापांना बर्फ दाखवायचं ठरवलं होतं, तेव्हा तो काढला होता.

सरस्वती रडली नाही. तिने एकच विचारलं, "त्याला पानी कोन देल?"

शेवटचं पाणी, हे सगळ्यांना समजलं.

"तिथं नर्स असतात गो," शेजारची सावळी म्हणाली.

"नर्स त्याची कोन लागते?" सरस्वती कोंडूकडे वळली. "तुमी जा. तुमच्या हातानं पानी द्या पोराला. उजव्या."

म्हणजे काय न्यायचं, हेही सगळ्यांना समजलं.

पाच तारखेला दोघं डोळखांबवरून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचली. तिथे सरस्वतीचा भाचा रितेश याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. रितेश बी.कॉम. आहे. वाडीवस्तीवरच्या माणसांचे दाखले, उतारे, शिष्यवृत्त्या हा सगळा व्यवहार त्याच्या एका प्रिंटरमधून होतो. माणूस सज्जन. कायद्याबद्दल त्याच्या मनात आदर आहे, कारण कायद्याशी त्याचा संबंध अर्ज भरण्यापुरताच आला आहे.

त्याने तातडीच्या व्हिसाचा अर्ज भरला. मग त्याचं लक्ष कोंडूच्या मनगटाकडे गेलं.

"मामा, हे नेणार?"

"मंग काय, इथं ठेवून जाऊ हात?"

रितेशने मितेशला फोन लावून स्पीकर चालू केला. मितेशचं मत स्वच्छ होतं. "काका, मोठ्या बॅगेत टाका. वरून दोन टॉवेल गुंडाळा आणि या. बॅग विमानाच्या पोटात जाते. कोण बघतो!"

"आणि बघितलं तर?" रितेश म्हणाला. "तिथं धारदार वस्तू जवळ सापडली तर आत टाकतात. मामा जेलमध्ये आणि साईनाथ हॉस्पिटलमध्ये, मग पाणी कोण देणार? आत्या, तू टेन्शन घेऊ नको. आपण सगळं कायदेशीर करू."

या प्रकरणात चूक झाली असेल तर ती या वाक्यात झाली.

रितेशने त्या देशाच्या कचेरीचं मदत-पान उघडलं. प्रश्न विचारायची सोय होती. 'प्रवासी सोबत काय नेऊ इच्छितो?' असा रकाना होता. त्याने मामांना विचारलं, "वस्तूचं नाव काय टाकू?"

"हात," कोंडू म्हणाला.

रितेशने इंग्रजीत हात लिहिलं. पुढे प्रामाणिकपणे लिहिलं की प्रवासी अपंग असून त्यास स्वतःचा उजवा हात सोबत नेण्याची परवानगी असावी.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. उत्तर सौजन्यपूर्ण होतं. मुलाच्या प्रकृतीबद्दल सहानुभूती व्यक्त केली होती, आणि पुढे म्हटलं होतं की स्वतःचा हात सोबत आणण्यासाठी कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही.

"झाला मंग," कोंडू उठला. "निघतो."

"थांबा मामा. त्यांचा गैरसमज झालाय."

"होऊ दे."

"उद्या म्हणतील फसवलं. लेखी आहे सगळं."

आणि रितेशने फोटो काढून पाठवला. चमच्याच्या बाजूने काढलेला फोटो जरा अंधारा आला होता, म्हणून त्याने धारेच्या बाजूने काढलेला पाठवला. शेजारी पट्टी ठेवली होती. साडेचार इंच स्पष्ट दिसत होते.

या पत्राचं उत्तर यायला एक दिवस लागला, आणि त्यात सहानुभूतीचा परिच्छेद नव्हता. मजकुराचा अर्थ असा, की त्या देशात चार इंचांपर्यंतचं पातं बाळगता येतं. त्यापेक्षा मोठं पातं बाळगायला सबळ कारण लागतं. सबळ कारणं तीन: कामधंदा, धर्म आणि पारंपरिक पोशाख. सदर वस्तू वैद्यकीय साधन असल्यास सरकारी डॉक्टरांचा तसा दाखला जोडावा.

"तीन कारणं आहेत," रितेश म्हणाला. "हात नसणे हे कारण नाही."

"त्यांच्याकडं कोनाचे हात जात नसतील," सरस्वती म्हणाली.

आठ तारखेला तिघं सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होते, आणि सभ्यही. त्यांनी संगणकात बघितलं.

"कोंडू निमसे. बरोबर. तुम्हाला शिबिरात कृत्रिम हात दिलेला आहे. उजवा. पोच आहे तुमची."

"हाय ना. भिंतीला हाय."

"मग हे काय आहे?"

"हा हात हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, शासनाने दिलेला एक उजवा हात तुमच्या नावावर आहे. हा दुसरा उजवा हात आहे असं मी लिहून देऊ? एका माणसाला?"

"तो नमस्काराचा हाय साहेब. हा कामाचा हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नियम काढून दाखवला. नियमात उजवा हात एकच होता. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या कोंडूच्या मनगटावर जे होतं, ते हत्यार ठरलं.

परतताना रितेशला कल्पना सुचली की शासनाचाच हात न्यावा आणि त्याला चमचा बांधावा. तो हात वेहळपाड्याला खुंटीवर होता. गोरापान. तालुक्यात इतका गोरा हात दुसरा नव्हता. त्याची बोटं अर्धवट वळलेली होती, पुढेही वळत नव्हती आणि मागेही. त्यावर कोंडू टोपी अडकवत असे. नऊ तारखेला सकाळी त्याला सुतळीने चमचा बांधला. रितेश खाटेवर उताणा झोपला आणि त्याने तोंड उघडलं, म्हणजे आजारी माणूस तो. कोंडूने चमच्यात पाणी घेतलं, वाकला आणि हात पुढे केला. मनगटाचा खिळा सैल होता. तोंडाशी येता येता हात आपोआप गर्रकन फिरला आणि पाणी रितेशच्या कानात गेलं.

"परत," सरस्वती म्हणाली.

परत कानात गेलं. तिसऱ्यांदा डोळ्यात. चौथ्यांदा चमचाच पडला. रितेश उठून बसला आणि टॉवेलने कान पुसायला लागला. सरस्वती तशीच उभी होती. पाणी पडलेल्या उशीकडे बघत तिने तोंडाला पदर लावला. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

कोंडूने तो हात खुंटीवर ठेवला आणि स्वतःचा चढवला. "धार घासून टाकतो," तो म्हणाला. "निस्ता चमचा राहू दे. कानस हाय घरात. दोन तासाचा काम."

हे साधं होतं. इतकं साधं, की रितेशने अर्जाची प्रत पुन्हा काढून बघितली.

"नाही चालणार, मामा. आपण फोटो दिलाय. धार आहे असं लिहून दिलंय. आता धार नसेल तर खोटी माहिती दिली असं होईल. व्हिसाच जाईल."

"म्हंजी आता धार ठेवायलाच पायजे?"

"अर्जाशी जुळायला पाहिजे."

 कोंडूने खाली काढलेली कानस परत फळीवर ठेवली.

त्याच दुपारी व्हिसा आला. हॉटेलने दुसऱ्या दिवशीचं, म्हणजे दहा तारखेचं तिकीट पाठवलं. आता सगळं होतं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि स्वेटर. हात तेवढा नव्हता.

"तसाच जाऊ?" कोंडूने बायकोला विचारलं.

"बिनहाताचा जाऊन काय करनार?"

"बघीन पोराला."

"बघायला मोबाईल हाय," सरस्वती म्हणाली. तिचा आवाज कडक होता, पण ती फुंकणी चुलीत उलट्या बाजूने घालत होती. "मितेश रोज दाखवतोय. बघून काय होतंय? पानी द्यायला चाललात तुमी."

तिकीट पुढे ढकललं. हॉटेलवाल्यांनी कुरकुर केली नाही. चौदा तारखेचं दिलं.

उरली तीन सबळ कारणं. कामधंदा बाद, कारण व्हिसावरच लिहिलं होतं की या व्यक्तीला काम करण्यास मनाई आहे. धर्माचं रितेशने विचारून बघितलं.

"मामा, आपल्या देवाला कोयता लागतो का?"

"देवाला कोंबडा लागतो. कोयता कोंबड्याला लागतो."

हे इंग्रजीत नीट बसेना. राहिला पारंपरिक पोशाख.

इथे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. शहापूर-मुरबाडकडे जुना बाप्या कमरेला मागच्या बाजूने लाकडाची एक आकडी बांधतो आणि तीत कोयता अडकवतो. रानात जाताना, बाजारात जाताना, लग्नाला जातानाही. जातिवंत म्हातारा कोयत्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडला तर त्याला काही तरी नेसायचं राहिल्यासारखं वाटतं. म्हणजे पोशाखच. रितेशला हे सुचलं तेव्हा तो दुकानात एकटाच मोठ्याने "येस" म्हणाला, असं तिथे उताऱ्यासाठी उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं.

अडचण एकच होती. पोशाखातला कोयता कमरेला असतो. कोंडूचा मनगटाला होता.

ती ग्रामसेवकांनी सोडवली. दहा तारखेला सरपंच माधुरीताईंनी तातडीची सभा लावली. ठरावाचा मजकूर ग्रामसेवकांनी लिहिला: 'या ग्रामपंचायत हद्दीतील पुरुषांच्या पारंपरिक पोशाखात धोतर, बंडी, टोपी व कोयता यांचा समावेश परंपरेने असून, कोयता कमरेस अथवा सोयीनुसार मनगटास धारण करण्याची प्रथा आहे.' 'अथवा' हा शब्द ग्रामसेवकांनी दोनदा गिरवला. त्यांच्या नोकरीतलं हे सर्वांत चांगलं वाक्य होतं.

"आपल्याकडं मनगटाला कोन बांधतो?" मागून कोणी तरी विचारलं.

"कोंडू बांधतो."

"तो एकटाच."

"परंपरा कोनापासून तरी सुरू होते ना रे," माधुरीताई म्हणाल्या आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

पुरावा म्हणून फोटो हवा होता. अकरा तारखेला दुपारी गावच्या माळावर पुरुष जमले, अठ्ठावीस जण. माळावर उजेड चांगला होता, फोनला रेंज नव्हती. रितेशने सगळ्यांना पोशाखात यायला सांगितलं होतं. धोतर नेसलेला एकच निघाला, नवसूआजा, वय शहाऐंशी. बाकीचे पँटी घालून आले होते. त्यांना लुंग्या, चादरी, एकाला तर बायकोचं पातळ दुमडून नेसवलं. कोयते मात्र सगळ्यांकडे होते, ते शोधावे लागले नाहीत. पोरं हसत होती, म्हातारे त्यांना दबकावत होते. "हसू नका रे, त्याच्या पोराचा शेवट चाललाय तिकडं." मग सगळे गंभीर झाले. त्यामुळे फोटोत अठ्ठावीस माणसं हातात कोयते घेऊन, चादरी नेसून, अतिशय गंभीर चेहऱ्याने त्या देशाच्या कचेरीकडे बघतायत असं आलं. मध्यभागी कोंडू, उजवा हात छातीशी धरून.

रितेशने तो ठरावासोबत पाठवला. त्यानंतर दीड दिवस त्याला झोप लागली नाही, कारण पाठवल्यावर त्याने फोटो पुन्हा नीट बघितला होता.

पण कचेऱ्या सगळीकडे सारख्याच. गोल शिक्का बघितला की त्या शांत होतात. तेरा तारखेला पत्र आलं. रितेशने ते वाचलं आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, गिऱ्हाईक बाहेर ठेवून, मराठीत करून सांगितलं:

"'सदर वस्तू संपूर्ण पारंपरिक पोशाख परिधान केलेला असताना व केवळ त्या पोशाखाचा भाग म्हणून बाळगता येईल. पोशाखाव्यतिरिक्त ती शस्त्र समजली जाईल.' जमलं, मामा!"

"म्हंजी?"

"म्हणजे तिथं उतरल्यापासून धोतर."

कोंडूचं वय अठ्ठावन्न. त्याने आयुष्यात धोतर नेसलं नव्हतं. त्याचा बाप नेसायचा. रितेशच्या मोबाईलवरच्या हवामानात तिथला आकडा उणे सहा दाखवत होता.

नवसूआजाने दोन धोतरांपैकी बरं होतं ते दिलं. नेसायचं कसं ते त्यानेच अंगणात शिकवलं. एका हाताने काष्टा घालणं आणि तो घट्ट बसणं यात फरक आहे. चार वेळा सुटला. "आकडा लाव," आजा म्हणाला. कोंडूने पोलादी हाताच्या आकड्याने निरी धरली आणि डाव्या हाताने काष्टा मागे खोचला. "आता कसा," आजा म्हणाला. "तुझा बाप असाच दिसायचा. त्याला दोन होते तेवढाच फरक."

निघताना सरस्वतीने तांब्याचं एक लहान झाकणाचं भांडं दिलं. विहिरीचं पाणी. विमानात पाणी चालतं का, हे रितेशला माहीत नव्हतं. तोही आता शहाणा झाला होता. त्याने विचारलंच नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं. ते कोणी बघितलंही नाही.

हात आणि धोतर एकाच बॅगेत गेले, कारण पत्राप्रमाणे त्यांना वेगळं करता येत नव्हतं. विमानात कोंडू पँट-शर्टावर आणि एका हाताने बसला. मध्ये तिसऱ्या देशात दोन तास थांबायचं होतं. तिथला कायदा आणखी वेगळा, तिथे पोशाखालाही सवलत नव्हती, पण बॅग बाहेर यायची नव्हती म्हणून त्या देशाचा प्रश्न आला नाही. विमानात तीनदा जेवण आलं. कोंडूने तीनदा मान हलवली. बाजूच्या बाईंना वाटलं त्याचा उपास आहे. एकोणीस तास त्याने काही खाल्लं नाही.

पंधरा तारखेला उतरल्यावर तो बॅग घेऊन स्वच्छतागृहात गेला आणि वीस मिनिटांनी धोतर, बंडी, टोपी आणि उजवा हात अशा संपूर्ण पोशाखात बाहेर आला. तपासणीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने पत्र वाचलं, ठराव वाचला, फोटो बघितला. मग पुन्हा कोंडूकडे बघितलं. त्याने एकेक वस्तू पत्रावर टिचकी मारत तपासली. धोतर. बंडी. टोपी. पातं. स्वेटर यादीत नव्हता, तो काढायला सांगितला. कोंडूने काढला. अधिकाऱ्याने शिक्का मारला, आणि मग, काय वाटलं कोणास ठाऊक, उठून उभा राहिला आणि कोंडूला सलाम केला.

दाराबाहेर मितेश जॅकेट घेऊन उभा होता. "काका, पयला हा घाला."

"चालंल काय? कायद्यात?"

"अरे काका, घाला ना यार!" मितेश ओरडला आणि त्याला रडू फुटलं.

दवाखाना स्वच्छ होता. पहारेकऱ्याने पत्र बघितलं आणि सोडलं. अतिदक्षता विभागाच्या दारात परिचारिकेने दोन्ही हातांवर औषध फवारायला सांगितलं. कोंडूने डावा पुढे केला, मग उजवा. तिने पोलादावरही तितकंच फवारलं, दोन्ही बाजूंनी, धार सांभाळून, आणि पुसायला कागद दिला. अकरा वर्षांत डॉक्टरी पेशातल्या कोणी त्या वस्तूला पहिल्यांदाच हात मानलं होतं.

साईनाथ पाठीवर होता. डोक्याला पांढरी पट्टी, गाल आत गेलेले. कोंडूने भांड्याचं झाकण दातांनी उघडलं, चमच्यात पाणी घेतलं आणि वाकला. परिचारिकेने त्याची कोपर हळूच धरली. तिने खाटेमागची पाटी दाखवली. मितेशने वाचली: तोंडाने काहीही देऊ नये. साईनाथच्या तोंडात नळी होती. तिच्या बाजूला पट्ट्या होत्या. पाणी जायला जागाच नव्हती.

कोंडूने चमचा परत भांड्यात रिकामा केला. एक थेंब सांडला नाही.

तीन दिवस तो खाटेशेजारी धोतर नेसून बसला. रोज सकाळी हातावर फवारून घेई, रोज पाटीकडे बघे. अठरा तारखेला सकाळी मशीन बंद केलं. डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. मग नळी काढली. त्यानंतर कोंडूने उजव्या हाताने पाणी दिलं. हात हलला नाही. पाणी तोंडात गेलं, थांबलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. ते त्याने धोतराच्या सोग्याने पुसलं.

संध्याकाळी फोनवर सरस्वतीने विचारलं, "दिलात?"

"दिला."

"घेतला त्यानं?"

"हां," कोंडू म्हणाला.

हे सगळं ऐकत मितेश शेजारी बसला होता. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं काही तरी बरं बोलावं.

"काका, तसा तो तहानलेला नाय गेला हां. तुमाला सांगायचा राहिला. अकरा तारखेला, तिकडे गावाला दुपार असेल तेव्हा, जरा बरा होता. नळी काढलेली तीन-चार तास. मला ओळखला. तुमचा विचारला, बाबा निघाले का. मी फोन लावला तर लागेना. मग परत बिघडला, तर मी बोललो नाय, उगाच कशाला. पाणी मागितला त्यानं. प्यायला चांगला. दोन चमचे."

"कोनी दिला?"

"नर्सनं. तीच, तुमच्या हातावर मारते ती."

 पुढल्या दिवशी कागदांवर अंगठा द्यायचा होता म्हणून कोंडू दवाखान्यात गेला, तेव्हा ती परिचारिका टेबलाशी बसून नोंदवहीत लिहीत होती. ती डावखुरी होती.